‘एरर’ या तीव्रतेचं काही आढळलं नाही

दुसऱ्याच्या लिखाणातली चूक दाखवणं हे आपल्याकडे कधीच निव्वळ लिखाणापुरतं राहत नाही. वेलांटी दीर्घ हवी असं सांगितलं की समोरचा आधी तुमचं आडनाव आठवतो, मग गाव, मग तुम्ही मागच्या महिन्यात त्याच्या रजेच्या अर्जाबद्दल काय बोलला होतात ते. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत वेलांट्या फारशा नसतात. पण कंस, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा असतात आणि त्यांच्यावरून होणारे अपमान तितकेच खोल जातात. म्हणून मग चुका काढायचं काम यंत्राकडे देण्यात आलं. यंत्राला आडनाव नसतं.

यंत्र तपासतं काय, तर एपीआयचा स्पेक. एपीआय समजावून सांगताना हॉटेल, टेबल आणि वेटर आणायची पद्धत आहे. वेटरला जरा बसू दे. तुम्ही फोनवरून विजेचं बिल भरता तेव्हा फोनमधला प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्या तरी संगणकावरच्या प्रोग्रॅमला काहीतरी विचारतो आणि तो उत्तर देतो. कुठल्या पत्त्यावर विचारायचं, कुठल्या शब्दांत, आणि उत्तर कुठल्या साच्यात येणार, हे आधी लिहून ठरवावं लागतं. ते लिखाण म्हणजे स्पेसिफिकेशन. एवढा मोठा शब्द दिवसातून पन्नासदा कोण म्हणणार, म्हणून स्पेक. बहुतेक वेळा तो यॅमल नावाच्या पद्धतीने लिहितात, जिच्यात ओळीच्या सुरुवातीला एक जागा कमी-जास्त सुटली तरी अर्थ बदलतो. माझी नोकरी टेक्निकल रायटरची आहे. म्हणजे हे स्पेक वाचायचे आणि त्यावरून माणसांना समजेल असं काही लिहायचं. त्यामुळे हे सगळं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं ऑफिसातलं माणूस मी एकटीच. उरलेले लोक ते लिहितात.

स्पेक लिहायची आज सर्वाधिक चालणारी रीत म्हणजे ओपनएपीआय. तिचं मूळ निघतं शब्दकोशवाल्यांकडे. वर्डनिक नावाचा ऑनलाइन इंग्रजी शब्दकोश चालवणाऱ्या अमेरिकन कंपनीत टोनी टॅम यांनी २०१०-११च्या सुमारास ती ‘स्वॅगर’ या नावाने सुरू केली. २०१५मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली आणि २०१६मध्ये तिचं अधिकृत बारसं झालं. आमच्याकडे अजून स्वॅगरच म्हणतात. मीटिंगमध्ये कुणी ‘ओपनएपीआय’ असं पूर्ण नाव घेतलं, तर तो माणूस नवीन आहे किंवा त्याच्यासमोर क्लायंट बसलेला आहे असं समजावं.

अशा लिखाणातल्या चुका काढणाऱ्या प्रोग्रॅमला लिंटर म्हणतात. पहिला, बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८मध्ये सी भाषेतल्या प्रोग्रॅमसाठी लिहिला होता. त्याची पोरंबाळं आता प्रत्येक भाषेत आहेत. स्पेकसाठीही बरीच आहेत. आम्ही स्पेक्ट्रल वापरतो. ते फुकट आहे, ही त्या निवडीमागची मुख्य तांत्रिक बाजू.

स्पेक्ट्रल चार सुरांत बोलतं: एरर, वॉर्निंग, इन्फो आणि हिंट. एरर आली की बिल्ड अडते, काम पुढे सरकत नाही, म्हणून ती दुरुस्त होते. वॉर्निंगकडे लोक बघतात. इन्फोकडे बघितल्यासारखं करतात. हिंट कुणी वाचल्याचं आमच्या मजल्यावर तरी कुणाला आठवत नाही. आणि सगळं सुरळीत असेल तर? यंत्र शाब्बास म्हणत नाही, सगळं बरोबर आहे असंही म्हणत नाही. ‘एरर या तीव्रतेचं काही आढळलं नाही’, या अर्थाचं एक इंग्रजी वाक्य टाकून मोकळं होतं. किती जपून केलेलं विधान आहे पाहा. चूक नाही असा दावा नाही. मला आढळली नाही. आणि काही आढळलं असेल, तर ते त्या तीव्रतेचं नव्हतं. हे यंत्र सदाशिव पेठेत जन्मलं असतं तरी याहून वेगळं बोललं नसतं.

त्याचे नियम वाचताना मला खरी मजा येते. एक नियम म्हणतो, प्रत्येक विनंतीला निदान एक तरी यशस्वी उत्तर असलं पाहिजे. म्हणजे नुसती ४०४ आणि ५०० अशा अपयशी उत्तरांची यादी देऊन चालणार नाही. कधीतरी, कुणाचं तरी काम होतं एवढं कबूल करावं लागतं. दुसरा नियम, दोन क्रियांना एकच ओळखनाम देऊ नका. तिसरा, संपर्कासाठी कुणाचा तरी उल्लेख असू द्या. हा तिसरा नियम आला त्या दिवशी सगळ्या टीमने जे नाव टाकलं, ते नोकरी सोडून बंगळुरूला गेलेल्या माणसाचं होतं. त्याला अजून मेल जात असतील.

माझा सर्वांत आवडता नियम मात्र पत्त्यात येणाऱ्या मूल्यांबद्दलचा. पत्त्यात जर ग्राहक क्रमांक येत असेल, तर तो ‘आवश्यक आहे का’ हे स्पेकमध्ये लिहावंच लागतं. आणि उत्तर ‘हो’ असंच लिहावं लागतं. ‘नाही’ लिहिलं तर चूक. काहीच लिहिलं नाही तरी चूक. ही लिंटरची लहर नाही, मूळ ओपनएपीआयमध्येच तसं आहे: विचारलं जाईल, उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर एकच आहे. लातूरहून आलेल्या आमच्या नव्या मुलाने यावर मला विचारलं, “मॅडम, मग विचारतात कशाला?” मॅडम म्हणू नकोस, असं त्याला सांगितल्यावर तो ताई म्हणायला लागला, पण प्रश्न तसाच राहिला.

लग्नपत्रिकेचं प्रूफ घरी येतं तेव्हा काय होतं आठवा. आत्या बघते आपलं नाव निमंत्रकांत आहे का. काका ‘चि. सौ. कां.’ नीट पडलंय का ते बघतात. आजोबा कुलदेवतेवर बोट ठेवून वाचतात आणि मामांकडचे लोक मामांचं नाव कितव्या ओळीत आहे ते मोजतात. सगळ्यांची संमती होते, पाचशे प्रती छापून येतात, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की मुहूर्ताच्या तारखेला रविवार लिहिलाय आणि त्या दिवशी गुरुवार आहे. लिंटर ही अशी आत्या, काका आणि आजोबांची समिती आहे, फक्त तिला चहा लागत नाही. जिथे जे असायला हवं तिथे ते आहे, एवढं ती बघते. ते खरं आहे का, हे तिला कुणी विचारलेलं नसतं.

याचा पहिला साक्षात्कार मला एका विम्याच्या स्पेकमध्ये झाला. ओपनएपीआय शिकवायला जो नमुना देतात तो पाळीव प्राण्यांच्या दुकानाचा आहे, पेटस्टोअर. त्यात प्राण्याच्या नावाचं उदाहरण आहे ‘डॉगी’, आणि प्राण्याची अवस्था तीनपैकी एक असते: उपलब्ध, प्रलंबित, विकला गेला. जगभरातले कितीतरी प्रोग्रॅमर एपीआयचा पहिला धडा या दुकानात गिरवतात आणि पुढे कामाची घाई असली की त्याचीच नक्कल करून वर आपला मजकूर चढवतात. त्या विम्याच्या स्पेकमध्ये विमाधारकाच्या नावाचं उदाहरण ‘डॉगी’ होतं. खाली त्याची अवस्था, ‘उपलब्ध’. लिंटरने ते हसतमुखाने पास केलं होतं. नावाच्या जागी अक्षरं हवीत. ‘डॉगी’त अक्षरं आहेत.

दुसऱ्या एका स्पेकमध्ये प्रत्येक उत्तर २००, म्हणजे यशस्वी होतं, आणि त्या यशाच्या पोटात ‘स्टेटस: फेल’ अशी ओळ होती. पैसे गेले नाहीत: २००. खातं सापडलं नाही: २००. सर्व्हर कोसळला: बहुतेक तेही २००च सांगायचं ठरलं असावं, पण कोसळल्यामुळे सांगता आलं नसेल. निदान एक यशस्वी उत्तर हवं, हा नियम या स्पेकने जितका मनापासून पाळला तितका दुसऱ्या कुणी पाळलेला मी पाहिला नाही.

मग आला वर्णनाचा नियम. प्रत्येक क्रियेला वर्णन असलंच पाहिजे. स्पेक्ट्रलला वर्णन म्हणजे काय हवं असतं, तर जागा रिकामी नको. पहिल्या दिवशी लोकांनी ‘गेट यूजर’च्या खाली ‘यूजर गेट करतो’ असं लिहिलं. तो प्रामाणिक काळ होता. नंतर ‘वर्णन’ या जागी ‘वर्णन’ असं लिहिलेलं दिसू लागलं. मग नुसतं एक टिंब. यावर आमच्या आर्किटेक्टनी कडक पावलं उचलली. आर्किटेक्ट म्हणजे ज्यांना प्रोग्रॅम लिहावा लागत नाही असे प्रोग्रॅमर. त्यांनी स्वतः नियम लिहिला: वर्णन किमान वीस अक्षरांचं हवं. दुसऱ्या दिवशी वीस टिंबं आली. नियम वाढला: सुरुवात मोठ्या अक्षराने, शेवट पूर्णविरामाने, मधे निदान चार शब्द. त्यावर जे वर्णन आलं त्याचा मराठी तर्जुमा असा: ‘हा एक एंडपॉइंट आहे आणि तो काम करतो.’ एंडपॉइंट म्हणजे जिथे विचारायचं तो पत्ता. सर्व नियमांत बसणारं, निर्दोष वाक्य. त्यात खोटं किती आहे ते नंतर कळलं.

हल्ली वर्णनं एआय लिहितो. त्यामुळे टिंबं गेली आणि परिच्छेद आले. ‘वय’ या फील्डसमोर, म्हणजे रकान्यासमोर, हा फील्ड ग्राहकाच्या वयोविषयक पैलूचं सर्वंकष आणि सुसंगत प्रतिनिधित्व करतो, या चालीवर चार ओळी असतात. एक यंत्र लिहितं, दुसरं तपासतं, दोघांचं उत्तम जमतं. मधे मी पगार घेते.

नियम आपण स्वतः लिहू शकतो, हे कळल्यावर मात्र ऑफिसचं वातावरण बदललं. तोपर्यंत चूक यंत्र काढत होतं, तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. एकदा यंत्राच्या तोंडून आपण बोलू शकतो म्हटल्यावर प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं होतं. समिती बसली. तिला गव्हर्नन्स म्हणतात. पहिला विषय होता, दोन शब्दांचं नाव जोडून कसं लिहायचं. मधे मधे अक्षर मोठं करत लिहिलं की उंटासारखी मदारं दिसतात, तो कॅमल केस. शब्दांमध्ये खाली आडवी रेघ सरपटत गेली की स्नेक केस. आणि मधली आडवी रेघ सळईसारखी आरपार गेली की कबाब केस. झालांडो ही बर्लिनची कपडे-चपला विकणारी कंपनी. तिने आपली एपीआयची नियमावली जगाला वाचायला खुली ठेवली आहे. ती म्हणते, फील्डची नावं सापासारखीच, उंटासारखी कदापि नकोत. पत्त्यांमध्ये मात्र कबाब. गूगलची जेसनची, म्हणजे उत्तराच्या साच्याची, नियमावली म्हणते, फील्डला उंट. म्हणजे दोन्ही बाजूंना शास्त्राधार. झाला वाद सुरू.

समिती कितीतरी गुरुवार बसली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दोन्हींचं कौतुक करून तिसरंच सुचवलं. टेस्टिंगच्या मॅडम घड्याळाकडे बघून म्हणाल्या, “अहो सर, काहीही ठरवा, पण एकच ठरवा.” हे वाक्य इतिवृत्तात आलं नाही. शेवटी तडजोड अशी निघाली की जुन्या स्पेकना उंट, नव्यांना साप, पत्त्यांना कबाब, आणि ज्या स्पेकमध्ये आधीच तिन्ही आहेत त्यांना सूट. सूट दिलेल्या स्पेकची यादी हीच आता आमच्या कंपनीतली सर्वांत मोठी यॅमल फाइल आहे. तिला लिंटर लावत नाहीत.

हे ऐकून परदेशी मोठ्या लोकांकडे सगळं नीटनेटकं असेल असं वाटत असेल, तर ‘रेफरर’ची गोष्ट ऐका. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की आधीचं पान कुठलं होतं हे ब्राउझर पुढच्या सर्व्हरला सांगतो. ज्या मथळ्याखाली सांगतो त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधला ‘आर’ दोनदा हवा. फिलिप हॅलम-बेकर यांनी ही सूचना मांडली तेव्हा तो एकदाच पडला. वाचणारे सगळे संगणकातले दिग्गज. शुद्धलेखन तपासणारं यंत्रही तेव्हा युनिक्सवर होतं. पण त्याला चुकीचं रूप माहीत नव्हतं तसं बरोबर रूपही माहीत नव्हतं. दोन्हीकडे ते सारख्याच संशयाने बघायचं. १९९६च्या मे महिन्यात एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या रीतीने बोलतात तिच्या, १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात, आरएफसी १९४५मध्ये, ती चूक छापून आली आणि तोवर इतक्या ब्राउझरांनी आणि सर्व्हरांनी ती पाठ केली होती की दुरुस्त करणं हीच चूक झाली असती. २०२२च्या ताज्या दस्तऐवजातही ती आहे. गंमत म्हणजे, हीच माहिती किती द्यायची हे ठरवणारा दुसरा मथळा पुढे निघाला, त्याचं स्पेलिंग बरोबर आहे. म्हणजे आता चुकीच्या स्पेलिंगच्या मथळ्याला शिस्त लावायचं काम बरोबर स्पेलिंगचा मथळा करतो. उद्या कुणी नवा उत्साही लिंटर या दोघांवर सोडला तर तो बहुधा योग्य मथळ्यात चूक काढेल, कारण जुन्याच्या पाठीशी जास्त लोक आहेत.

नॉर्वेचं दुःख वेगळं. यॅमलच्या १.१ या आवृत्तीत येस, नो, ऑन, ऑफ असे शब्द अवतरणचिन्हांशिवाय लिहिले की ते शब्द राहत नाहीत, त्यांचं खरं-खोटं होतं. देशांच्या दोन अक्षरी संकेतांत नॉर्वेचा संकेत नेमका एन-ओ. त्यामुळे यादीत भारत आहे, नेपाळ आहे, आणि नॉर्वेच्या जागी ‘खोटं’. त्याच आवृत्तीत दुकान उघडायची वेळ १०:३० अशी उघडी लिहिली, तर साठाच्या हिशोबाने तिचे ६३० होतात. २००९मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीने हे बंद केलं, पण जुन्या रीतीने वाचणारे प्रोग्रॅम अजून पुष्कळ चालू आहेत. लिंटर जुन्या रीतीचा असेल तर तो ओरडतो: सगळे शब्द आहेत, हा एकच कसा खोटा? नव्या रीतीचा असेल तर त्याला नॉर्वे नॉर्वेच दिसतो, तो काही बोलत नाही, आणि पुढे ज्याच्या हातात ती फाइल जाते त्याच्याकडे नॉर्वे नाहीसा होतो. राजघराणं आणि फ्योर्डसकट.

या सगळ्यात आमच्या समितीचा कळस म्हणजे मोबाइल क्रमांकाचा नियम. एका क्लायंटकडून आलेल्या स्पेकमध्ये मोबाइल क्रमांक हा आकडा म्हणून नोंदला होता, ३२ बिटांचा पूर्णांक. उदाहरण म्हणून दिलं होतं १२३४५. लिंटरने पाहिलं: आकडा म्हटलंय, आकडा आहे, वर्णन आहे, मोठ्या अक्षराने सुरू होतं, पूर्णविराम आहे. त्या तीव्रतेचं काही आढळलं नाही. आता ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. भारतातले मोबाइल क्रमांक दहा आकडी आणि सुरुवात सहा, सात, आठ किंवा नऊने. म्हणजे सगळ्यांत लहान क्रमांकसुद्धा ६०० कोटींच्या घरात. थोडक्यात, ज्या देशात ही सेवा चालणार होती त्या देशातल्या एकाही माणसाचा मोबाइल क्रमांक त्या रकान्यात मावत नव्हता. हे लिंटरला दिसलं नाही, एआयला दिसलं नाही, समितीलाही नाही. टेस्टिंगच्या मॅडमनी स्वतःचा नंबर टाकून पाहिला तेव्हा दिसलं.

आर्किटेक्टनी त्याच संध्याकाळी नियम काढला: ज्या फील्डच्या नावात ‘मोबाइल’ हा शब्द येईल, तो आकडा असता कामा नये, अक्षरंच हवीत. तीव्रता, एरर. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या कंपनीची बिल्ड अडली. कारण ‘मोबाइल व्हेरिफाइड’ नावाचा एक फील्ड जवळजवळ प्रत्येक स्पेकमध्ये होता, आणि त्यात नंबर नसतो. पडताळणी झाली का, हो की नाही, एवढंच असतं. यंत्राने त्यालाही पकडलं. नियम बदलायचा तर समिती बसायला हवी, आणि समिती गुरुवारी बसते. तो सोमवार होता.

लातूरच्या मुलाने वाट पाहिली नाही. “ताई, त्याला अक्षरं हवीत ना? देतो.” त्याने सगळीकडे हो-नाहीचा फील्ड काढून अक्षरांचा केला आणि उदाहरण म्हणून ‘ट्रू’ असा शब्द लिहिला. बिल्ड सुटली, दुपारपर्यंत सगळं मूळ प्रतीत मर्ज झालं, आर्किटेक्टनी त्याला ग्रुपवर अंगठाही दाखवला. महिनाभराने मी त्या फील्डची माहिती लिहायला बसले तेव्हा चालू सिस्टिममधून आलेली खरी उत्तरं मागवून घेतली. त्यात ‘ट्रू’ होतं, ‘फॉल्स’ होतं, ‘येस’ होतं, ‘वाय’ होतं, आणि एका शाखेकडून आलेल्या नोंदींमध्ये ‘फोन केला, उचलला नाही’.